नदीपलीकडचे चणे

मृग लागून दोनच दिवस झालेत आणि पर्लकोटा नदीचं पाणी गढूळ व्हायला लागलंय. साल 2025. भामरागड तालुक्यातल्या एका गावात, रास्त भाव दुकानाच्या पडवीत मी भिंतीला पाठ टेकून बसलोय. आत तांदळाची पोती आढ्याला टेकलीत, गव्हाची मोजकी पोती कोपऱ्यात. ट्रक नाल्यापलीकडेच थांबला, तिथून पुढे माल काल रात्री ट्रॅक्टरने आला. सात वाजायच्या आत पडवीबाहेर पन्नासेक माणसं उकिडवी बसलीत. बायकांच्या काखेत धुतलेली पोती, पुरुषांच्या खांद्यावर रिकाम्या कावडी.

यंदा केंद्र सरकारने जून, जुलै आणि ऑगस्टचं धान्य एकदमच उचलायला सांगितलं आहे. इथल्या लोकांना त्याचं नवल नाही. पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांत चार महिन्यांचं धान्य आधीच पोहोचवायची रीत 1995 च्या नवसंजीवन योजनेपासूनची. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की आलापल्लीकडचा रस्ता बंद होतो आणि मग घरात जे आहे त्यावरच दिवस काढायचे.

दुकान महिला बचत गटाकडे आहे. काट्याशी बसलेल्या ताई अहेरीकडच्या. अंगठा घ्यायचं मशीन त्यांच्या मांडीवर, आणि मशीनला रेंज नाही. एक पोरगा ते उचलून मोहाच्या झाडाखाली नेतो, हात उंच करून उभा राहतो. रेंज येते. रांग सरकते. एका म्हातारीचा अंगठा काही केल्या उमटत नाही. मे महिना तेंदूपत्ता तोडण्यात आणि 70 पानांची पुडकी बांधण्यात गेलाय; बोटांवर काळा चीक बसलाय, रेषा झिजून गेल्यात.

"आजी, दुसरं बोट ठेव. दाबून ठेव जी."

पोरगा ते माडिया भाषेत सांगतो. आजी मधलं बोट ठेवते, मग डाव्या हाताचं. पाचव्या खेपेला मशीन वाजतं आणि पावतीची पट्टी बाहेर येते. आजी ती न वाचता कमरेला खोचते.

आजीचं कार्ड अंत्योदयचं. महिन्याला 35 किलो, म्हणजे तीन महिन्यांचे 105. तिच्या मागचं पाच माणसांचं कुटुंब प्राधान्य गटातलं. माणशी 5 किलो, तीन महिन्यांचे 75. जानेवारी 2023 पासून हे फुकट आहे. त्याआधी तांदूळ 3 रुपये किलो होता. धान्य काट्यावर चढतं, पोत्यात पडतं, कावडीला लागतं. एक तरुण दोन्ही टोकांना पोती अडकवून उठतो तेव्हा बांबू करकरतो. त्याचं घर इथून चार किलोमीटरवर, त्याला आणखी दोन खेपा करायच्यात.

हे धान्य लहान गोष्ट नव्हे. पावसाळ्यात चूल विझत नाही, ती याच्यामुळे. पण मी इथे बसून हिशेब करतो तेव्हा अस्वस्थ होतो. माणशी 5 किलो म्हणजे दिवसाला सुमारे 165 ग्रॅम. त्यातून प्रथिनं मिळतात साधारण 11 ग्रॅम. अन्न सुरक्षेचा कायदा 2013 चा. या दुकानातून तो देतो ते फक्त धान्य. डाळ नाही, तेल नाही. अंत्योदयवाल्यांना किलोभर साखर तेवढी 20 रुपयांत ठरलेली. वरण करायचं असेल तर शेजारच्या टपरीवरून वीस रुपयांची पुडी आणायची आणि त्यात सहा जणांनी जेवायचं.

पडवीच्या टोकाला दोघी जणी सूप घेऊन बसल्यात. तांदूळ पाखडून त्यातले थोडे पांढुरके, वेगळे दिसणारे दाणे वेचतात आणि कोंबड्यांना टाकतात. "प्लास्टिकचे आहेत," एक मला सांगते. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठातच लोह, फॉलिक ॲसिड आणि जीवनसत्त्व बी-12 मिसळून केलेले ते दाणे, शंभरात एक या प्रमाणात घातलेले. याच भामरागड आणि कुरखेडा तालुक्यांत त्याचा पथदर्शी प्रयोग झाला होता. मी समजावतो, पोरगा सांगतो, बाई मान डोलावते आणि पुढचा दाणा वेचते. तिला मी दोष देत नाही. घरात येणाऱ्या अन्नात काही मिसळायचं तर आधी तिच्या भाषेत, तिच्या अंगणात बसून सांगायला हवं होतं. ज्यांना जादा लोह जपून घ्यावं लागतं असे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ असलेल्या या जिल्ह्यात तर नक्कीच.

दुपारी अंगणवाडीत जातो. अमृत आहार योजनेचं जेवण मांडलंय: भात, वरण, पालेभाजी, अंडं. गरोदर बायका आणि सहा महिन्यांपर्यंतच्या बाळंतिणी एका ओळीत बसल्यात. सहा वर्षांखालच्या पोरांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं. एक चार वर्षांचा पोरगा अंडं सोलतो. दारात त्याची सात वर्षांची बहीण उभी आहे. तिचं वय उलटलंय आणि शाळेतली खिचडीही नाही, कारण विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पोरगा पिवळा बलक तिच्या तळहातावर ठेवतो. ती तो एका घासात खाते.

निव्वळ भातावर अंग धरत नाही हे सरकारला ठाऊक आहे, म्हणून तर हे ताट आहे. मग सातव्या वर्षी त्या मुलीचं अंग वेगळं होतं का?

परत दुकानात येतो तो रांगेतून वेगळाच प्रश्न ऐकू येतो. तिशीतली बाई, पाठीवर लेकरू. पोत्यात तांदूळ पडून झालाय तरी ती हलत नाही. काट्यापलीकडे वाकून बघते आणि माडियात काहीतरी विचारते. पोरगा हसतो.

"ती म्हणते, चणे कुठं आहेत?"

ताई म्हणतात, "आपल्याकडं चणे नाही येत, माय."

बाई पटवून घेत नाही. तिचं माहेर इंद्रावती नदीपलीकडे, छत्तीसगडात. तिथे आईच्या कार्डावर तांदळाबरोबर चणे मिळतात, गूळ मिळतो, मीठही मिळतं, असं ती बोटांवर मोजत सांगते. ती खरं बोलतेय. छत्तीसगडने 2012 मध्येच स्वतःचा अन्न आणि पोषण सुरक्षेचा कायदा केला आणि आदिवासी भागातल्या गरीब कुटुंबांसाठी महिन्याला 2 किलो चणे 5 रुपये किलोने ठरवले. बस्तर विभागात 2020 पासून स्वस्त गुळाची भर पडली. नदी एक, भाषा एक, लग्नसंबंध एक. राज्य तेवढं बदलतं.

आणि आपल्याला डाळ वाटता येत नाही असंही नाही. 2022 च्या दिवाळीत महाराष्ट्राने 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल दिलं होतं. त्या पिशवीची आठवण काढल्यावर सुपाशी बसलेली बाई म्हणते, "दिवाळी एकच दिस राहते नं."

धानाच्या बांधीत ओल राहिली की इकडे लाखोळी पेरतात, चंद्रपूरकडे हरभरा पिकतो. आदिवासी विकास महामंडळ इथलं धान विकत घेतं. तेच हात डाळ का घेऊ शकत नाहीत, आणि तीच डाळ या काट्यावर का येऊ शकत नाही?

संध्याकाळी आभाळ भरून येतं. ताई काटा झाकतात. मंत्रालयात बसून हे वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे: तांदूळ द्या, तो बंद करू नका, पण पुढच्या मृगाआधी त्याच ट्रॅक्टरवर चणाडाळीची पोती चढवा. माणशी एक किलोपासून सुरुवात करा. माहेरी मिळणारे चणे सासरी का मिळत नाहीत, हे त्या बाईला पुन्हा विचारावं लागू नये.