दम ओसरतो, धोका उरतो

पायांवर सूज, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, ओठांवर निळसर झाक आणि चार पावले टाकली की धाप. 1950च्या दशकात दिल्लीच्या रुग्णालयांत असे रुग्ण मोठ्या संख्येने येत. त्यांचे हृदय थकलेले असे, पण बिघाडाचे मूळ हृदयात नसे, फुफ्फुसात असे. देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी सहकाऱ्यासोबत अशा 127 रुग्णांचा अभ्यास केला आणि तो 1959 साली ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकी नियतकालिकात छापून आला. विडी-सिगारेट ओढणारे बहुतेक पुरुष, बायकांमध्ये मात्र ते प्रमाण अगदी कमी. तरीही हा आजार दोघांत जवळपास सारखाच दिसत होता. संशयाची सुई वळली ती चुलीच्या धुराकडे.

फुफ्फुसातल्या या जुनाट आजाराला आज सीओपीडी म्हणतात. घरोघरी मात्र तो अजून ‘दमा’ म्हणूनच ओळखला जातो, आणि त्यामुळे घोटाळा होतो. दम्यात आकसलेल्या श्वासनळ्या बहुतेक वेळा पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत त्या पूर्ववत होत नाहीत. 2016 साली भारतात याचे साडेपाच कोटींच्या वर रुग्ण होते, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला आहे, 1990 मध्ये हाच आकडा 2 कोटी 81 लाख होता. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी 2009 मध्ये लंडनच्या पीटर बार्न्स यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. तंबाखू ओढणारे जगात सुमारे 100 कोटी, तर लाकूड, गोवऱ्या आणि काडीकचऱ्याच्या धुरात श्वास घेणारे 300 कोटी, असा त्यांचा हिशेब होता. फुंकणीने विस्तव फुलवण्यात हयात घालवलेल्या आजीला ‘तुम्ही सिगारेट ओढता का?’ एवढेच विचारून डॉक्टर थांबले, तर निदान हुकणारच.

हा आजार बारा महिने सारखा नसतो. तो मधूनच उचल खातो. सर्दीचे निमित्त होते, थंडी वाढते किंवा हवेत धूर-धूळ साचते. कफ वाढतो, पिवळा-हिरवा होतो, छातीत शिट्ट्या वाजू लागतात आणि रात्र बसून काढावी लागते. मग धावपळ, वाफ, ऑक्सिजन, सलाइन. पाच-सहा दिवसांत माणूस घरी येतो आणि घरच्यांना वाटते, सुटलो.

खरी मेख इथेच आहे. ब्रिटनमधल्या 25 हजारांहून अधिक सीओपीडी रुग्णांच्या नोंदी तपासून 2010 मध्ये एक निष्कर्ष मांडला गेला: आजार उफाळल्यानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत हार्ट ॲटॅकचा धोका एरवीच्या सव्वादोन पट असतो. 2018 मध्ये ‘समिट’ या मोठ्या चाचणीतल्या सोळा हजारांवर रुग्णांची माहिती पुन्हा चाळली गेली. या सर्वांना सीओपीडीच्या जोडीला हृदयविकार होता किंवा तो होण्याची शक्यता जास्त होती. आजार उफाळल्यानंतरच्या 30 दिवसांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटनांचा धोका जवळपास चौपट झालेला दिसला. ज्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले, त्यांच्यात तो दहा पटींच्या घरात गेला. म्हणजे डिस्चार्जचा कागद हातात पडतो, तेव्हा धोक्याचा महिना संपलेला नसतो.

असे का व्हावे? एक प्रयोग करून पाहा. श्वास पुरता बाहेर न सोडता पुढचा घ्या, तोही पुरता न सोडता त्यावर आणखी एक घ्या. चार-पाच श्वासांतच छाती गच्च होते. आजार उफाळलेल्या माणसाची छाती तासन् तास अशीच हवेने कोंडलेली असते. फुगलेली फुफ्फुसे हृदयाला दाबतात आणि त्यात नीट रक्त भरू देत नाहीत. रक्तातला ऑक्सिजन घटला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यांच्यातून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू दमते. पद्मावतींनी पाहिलेले दुखणे ते हेच. डाव्या बाजूचे संकट वेगळ्या वाटेने येते. फुफ्फुसातला दाह फुफ्फुसापुरता राहत नाही. रक्तात दाह वाढवणारे घटक वाढतात, रक्त गुठळी धरायला उतावीळ होते आणि हृदयाच्या धमनीत वर्षानुवर्षे साचलेला चरबीचा थर याच वेळी फुटू शकतो. त्यात नाडी मिनिटाला 110-120. श्वासनळ्या मोकळ्या करणारी औषधेही ठोके थोडे वाढवतात. पण म्हणून ती टाळायची नसतात. गुदमरणे हृदयाला त्याहून महाग पडते.

दुसरी अडचण ओळखण्याची. हृदय कमजोर झाले की फुफ्फुसात पाणी साचते, धाप लागते, छातीत शिट्ट्याही वाजतात. सीओपीडीच्या जुन्या रुग्णाला असे झाले की ‘नेहमीचेच आहे’ म्हणून वाफ दिली जाते. आडवे झाल्यावर दम वाढतो का, दोन-तीन दिवसांत वजन वाढले का, पायाच्या नडगीवर अंगठा दाबला तर खळगा राहतो का, हे पाहायला काही खर्च येत नाही. त्यापुढे ईसीजी आणि हृदयाला इजा झाली का हे सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी आहेच. धाप एकाएकी वाढली असेल आणि कफ-ताप काहीच नसेल, तर फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचीही शंका घ्यावी लागते.

उपचारांतही हात राखून वागावे लागते. ऑक्सिजन जितका जास्त तितका बरा, असे नातेवाइकांना वाटते आणि नळी जोरात सोडण्याचा आग्रह होतो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकेतून आणलेल्या 405 रुग्णांवर चाचणी झाली. सरसकट भरपूर ऑक्सिजन मिळालेल्यांपैकी 9 टक्के दगावले. ऑक्सिजनची पातळी 88 ते 92 टक्क्यांत ठेवून बेताने दिलेल्यांपैकी 4 टक्के. बोटाला लावलेल्या यंत्रावर 90 दिसले म्हणून कासावीस व्हायचे कारण नाही, ते यासाठी.

बीटा-ब्लॉकर गोळ्यांचा प्रवास तर फारच वळणावळणाचा. नाडी शांत करणाऱ्या या गोळ्या दमेकऱ्यांना वर्ज्य, असे डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. मग स्कॉटलंडमधल्या नोंदींवरून 2011 मध्ये दिसले की त्या घेणारे सीओपीडी रुग्ण जास्त जगतात, आणि आशा पल्लवित झाल्या. पण 2019 मध्ये हृदयासाठी गरज नसलेल्या रुग्णांना मेटोप्रोलोल देऊन पाहिली, तेव्हा आजार उफाळणे कमी झाले नाहीच, उलट त्यासाठी रुग्णालयात जाण्याचे प्रमाण वाढले. 2024 मध्ये याच गटातल्या बिसोप्रोलोलने फायदाही केला नाही आणि तोटाही. सध्याचा व्यवहार असा, की ॲटॅक येऊन गेला असेल किंवा हृदय कमजोर असेल तर हृदयापुरती काम करणारी गोळी द्यायची. केवळ फुफ्फुसाच्या भल्यासाठी नाही.

आजार उफाळूच न देणे हे सर्वांत स्वस्त. पण ‘पंपाची सवय लागते’ या समजापायी बरे वाटताच इनहेलर कपाटात जातो आणि पुढचे दुखणे जवळ येते. फ्लूच्या लशीकडेही असेच दुर्लक्ष होते. कॅनडातल्या ओंटारिओमधल्या 2018 च्या अभ्यासात, तपासणीत फ्लू निश्चित झाल्यानंतरच्या सात दिवसांत हार्ट ॲटॅकचा धोका सहापट आढळला होता. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यातही असतो, म्हणून ही लस एप्रिल-मेमध्येच घेतलेली बरी. अनेकांना तिची आठवण होते ती घरात दोघे-तिघे खोकू लागल्यावर.