काहील, इनर आणि होडीवरचा लाल पट्टा



पाऊस लागला की आपल्याकडं पहिली चौकशी वेदगंगेची. २०१९ च्या ऑगस्टात आणि परत २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ पाणी थेट पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ हे पूल तर जोराचा पाऊस झाला की पाण्याखाली जातातच. अशा वेळी सरकारी बोट येईपर्यंत गावात जे असेल तेच कामाला येतं.

आणि तेव्हा आपल्या लोकांचं डोकं भारी चालतं बघा. गुऱ्हाळातली काहील घ्या. रस आटवायची ती भलीमोठी कढई, पुरात तिचीच नाव होते. म्हातारं माणूस, लेकरू मध्ये बसवायचं आणि पोहणाऱ्यांनी काठ धरून ढकलत न्यायचं. बूड पसरट, त्यामुळं संथ पाण्यात झकास तरंगते. धारेत मात्र गरगर फिरते, तिथं तिचा नाद नको. ट्रॅक्टरच्या इनरचंही तेच.

केरळात २०१८ च्या पुरात समुद्रावरचे मच्छीमार होड्या लॉरीवर घालून गावांत शिरले. मलप्पुरमकडच्या एकानं तर पाण्यात ओणवं होऊन पाठीची पायरी केली. बायका त्यावर पाय देऊन बोटीत चढल्या. हे कुठल्या ट्रेनिंगात शिकवत असतील असं आम्हाला वाटत नाही.

पण ८ ऑगस्ट २०१९ चं ब्रह्मनाळ विसरून चालणार नाही. पलूस तालुक्यात गावकऱ्यांना बाहेर काढताना होडी उलटली, १७ जणांचा जीव गेला. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पाणी दारात आल्यावर प्रत्येकाला पहिल्या फेरीत जायचं असतं, आणि ओळखीच्या माणसाला "तू उतर" म्हणायला जीभ रेटत नाही.

म्हणून यंदा आम्ही एक ठरवलंय. समुद्रातल्या जहाजांना असतो तसा भाराचा पट्टा आपल्या होड्यांनाही मारायचा. तळ्याच्या संथ पाण्यात होडीत वाळूची पोती सारखी मांडायची. काठ पाण्यावर निदान वीतभर राहील तिथं थांबायचं आणि पाणी टेकेल तिथं लाल रेघ ओढायची. पुरात रेघ पाण्याला लागायच्या आधीच माणसं घेणं बंद. धारेत तर आणखी कमी. मग नावाड्याला कुणाशी हुज्जत घालावी लागणार नाही, रेघ दाखवली की झालं.

रंग आणि ब्रश संस्थेच्या कार्यालयात आणून ठेवलाय. रेघेची खूण तळ्यावर खिळ्यानं करून घ्या आणि रंग होडी पुरती वाळल्यावरच मारा, ओल्या फळीवर तो धरत नाही.