ओल भिंतीत, धाप छातीत

उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या वर्ध्यातील घरांच्या भिंती श्रावणात पाझरू लागतात. स्लॅबमधून वा कौलांखालून झिरपलेल्या पाण्याने आधी पोपडे येतात, मग काळसर बुरशी. भाड्याच्या दोन खोल्यांत बहुधा त्याच भिंतीला घरातील वृद्धांची खाट टेकलेली असते. दिवसाचा बराच काळ तेथे जात असल्याने बुरशीचे सूक्ष्म बीजाणू सर्वाधिक त्यांच्याच श्वासात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ मधील मार्गदर्शक तत्त्वांत घरातील ओल व बुरशीचा संबंध खोकला, छातीतील घरघर आणि दम्याशी जोडलेला आहे. म्हणून पावसाळ्यात बळावणारा खोकला ‘वयाचाच’ समजण्यापूर्वी भिंत पाहावी आणि डॉक्टरांनाही तिच्याविषयी सांगावे.

पहिले काम म्हणजे खाट कोरड्या खोलीत हलवणे. ओल विजेच्या बटनांपर्यंत पोहोचली असल्यास मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे. भिजलेले सामान २४ ते ४८ तासांत वाळवावे. आतून बुरसटलेल्या कापसाच्या गादीचा मोह सोडावा. लहान डाग मास्क व हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने पुसावा आणि जागा कोरडी करावी. कोरडे खरवडल्यास बीजाणू घरभर उडतात. ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. गळती न थांबवता वरून रंग दिल्यास बुरशी पुन्हा डोके काढते.

गळती थांबवायची, तर घरमालकाशी बोलणे आले, आणि वृद्ध भाडेकरू तेथेच भिडेपोटी गप्प बसतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू असेल तेथे, करारात वेगळे ठरले नसल्यास, घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी कलम १४ नुसार मालकाची आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार असल्यास त्यातील दुरुस्तीची अट आधी वाचावी. पत्राला तारीख घालावी, छायाचित्रे जोडावीत, प्रत जपून ठेवावी.

मृगापूर्वी छत दुरुस्त झाले, तर पुढच्या श्रावणात आजींची खाट आपल्या जागीच राहील.