स्प्रेड स्पेक्ट्रम रेडिओ मोडेम

स्प्रेड स्पेक्ट्रम रेडिओ मोडेम हे संगणकीय माहिती रेडिओलहरींवर चढवून पाठविणारे आणि ग्रहण केलेल्या लहरींतून ती पुन्हा वेगळी करणारे उपकरण होय. साध्या प्रेषणात संदेशाला आवश्यक तेवढाच वारंवारतापट्टा वापरतात. येथे मात्र संदेश मुद्दाम कितीतरी रुंद पट्ट्यावर पसरविला जातो. ‘विस्तारित वर्णपट’ असे त्याचे मराठीकरण करता येईल, परंतु व्यवहारात इंग्रजी नावच रूढ आहे.

कार्यपद्धती

‘डायरेक्ट सिक्वेन्स’ पद्धतीत प्रत्येक बिटाला एका शीघ्रगती संकेतमालिकेने गुणतात. मालिकेतील घटकास ‘चिप’ म्हणतात. १९९७ च्या पहिल्या वाय-फाय मानकात सेकंदाला १० लाख बिट पाठविताना प्रत्येक बिटामागे ११ चिपांची बार्कर मालिका वापरली जाई. ग्राहक मोडेमने तीच मालिका जुळवून पुन्हा गुणली की पसरलेला संदेश आकसून मूळ रूपात येतो. त्याच क्रियेने वाटेत मिसळलेला अरुंद पट्ट्याचा व्यत्यय मात्र उलट पसरतो आणि गाळणीतून त्याचा अल्पांशच पुढे जातो. या पद्धतीचे मर्म हेच. देऊळगाव राजा येथील बालाजीच्या यात्रेत कितीही गलबला असला तरी आपल्या माणसाची हाक ओळखू येते, तसेच काहीसे हे आहे. मात्र मोडेमची ओळख निव्वळ गणिती असते, आणि मालिका एका चिपेने पुढेमागे झाली तरी ती हरपते.

‘फ्रिक्वेन्सी हॉपिंग’ पद्धतीत प्रेषक व ग्राहक ठरलेल्या क्रमाने वारंवारता बदलत राहतात. ब्लूटूथ ७९ वाहिन्यांमध्ये सेकंदाला १,६०० वेळा अशी उडी घेते. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना पाणतीराच्या नियंत्रणासाठी अशाच कल्पनेचे एकस्व १९४२ साली अमेरिकेत मिळाले होते.

तरीही काही बिट चुकतातच. त्यासाठी तपासणी-बिट जोडतात व बिघडलेला भाग पुन्हा मागवितात. खडकपूर्णा धरणाची पाणीपातळी दूरच्या कार्यालयात कळवायची असेल आणि मध्ये टेकडी असेल, तर रुंद पट्टा कामास येत नाही; अँटेना उंचच लावावा लागतो.

भारतातील वापर

डिसेंबर २००२ मध्ये नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या रिलायन्सने सुरू केलेली सीडीएमए दूरध्वनी सेवा याच तत्त्वावर चालत असे. अनेक ग्राहक एकाच १.२५ मेगाहर्ट्झ पट्ट्यात एकाच वेळी बोलत. त्यांना वेगळे करीत ते संकेत. पुढे संगणकाला जोडावयाचे सीडीएमए ‘डोंगल’ आले, तेही असे मोडेमच.

२००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा शक्तिमर्यादेच्या अटीवर परवानामुक्त झाला; ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टाही त्याच वर्षी खुला झाला. अमेरिकेत मुक्त असलेला ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात तसा मुक्त नाही. तेथील मोडेम आणून येथे विनापरवाना लावता येत नाही.

सुरक्षितता

शक्ती रुंद पट्ट्यावर विखुरल्याने संकेत गोंगाटात दडतो, म्हणून सैन्याला ही पद्धत प्रिय. परंतु ‘पसरलेला म्हणजे गुप्त’ हा समज चुकीचा आहे. बार्कर मालिका सर्वांना ठाऊक व सर्वांसाठी एकच होती, त्यामुळे तिने गोपनीयता मिळत नव्हती. त्यासाठी जोडलेली ‘डब्ल्यूईपी’ ही कूटपद्धतीही २००१ मध्ये भेदली गेली. भारताच्या नाविक उपग्रह प्रणालीत नागरी सेवेचा संकेत प्रसिद्ध आहे, तर मर्यादित सेवेचा कूटबद्ध आहे. दोन्ही पसरलेलेच आहेत.