फुटकळ पत्त्यांची फौज

या आठवड्यात ‘राजी’चं परीक्षण द्यायचं कबूल केलं होतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 2020 सालचा हा गेम माझ्या जुन्या लॅपटॉपवर अजून धापा टाकतोय, आणि शेवटपर्यंत खेळल्याशिवाय परीक्षण लिहायचं नाही, असं मागच्याच भागात मी मोठ्या तोंडाने सांगून बसलोय. त्यातच पांढरकवड्याच्या एका वाचकाचं पत्र आलं. पोरगं बारावीत आहे आणि मॅजिक या पत्त्यांच्या खेळाबद्दल प्रश्न असा विचारतं की राजीला आठवडाभर ताटकळत ठेवणं भाग आहे.

“सर, मॅजिकचा डेक पाचशे रुपयांत बसवता येतो म्हणता. बसेलही. पण तो लढेल का? का महागड्या डेकची गरीब नक्कल होईल नुसती?” आणि खाली, वेगळ्या शाईत : “बाबा म्हणतात, पत्ते ते पत्ते. जुव्याचाच खेळ आहे म्हणे तो. त्यांना काय सांगू?”

बाबांकडे शेवटी येतो. आधी नक्कल.

नवा खेळाडू बहुधा एकच गोष्ट करतो. कुठल्या तरी विजेत्याची यादी समोर ठेवतो, महाग पत्त्यावर काट मारतो आणि त्या जागी तेच काम करणारा स्वस्त पत्ता घालतो. असं वीस जागी केलं की हाती येतो तो त्याच डेकचा दमेकरी भाऊ. सगळं करतो, पण प्रत्येक गोष्ट एक डाव उशिरा. माझं मत विचाराल तर ही पद्धत मुळातच सोडून द्यावी. स्वस्त पत्त्यांनी सुरुवात करावी आणि त्यांना काय जमतं ते बघून बेत आखावा.

कारण किंमत आणि ताकद यांचं नातं वाटतं तितकं सरळ नाही. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला मॅजिकचा पहिला संच, अल्फा, ऑगस्ट 1993 मध्ये बाजारात आला. पाकिटात 15 पत्ते : 11 कॉमन, 3 अनकॉमन, 1 रेअर. त्या संचातले दोन लाल पत्ते शेजारी ठेवून बघा. दोघांनाही एकच लाल माना लागतो. माना म्हणजे पत्ता खेळायला मोजावी लागणारी शक्ती. पहिला केऑसलेस. तो समोरच्या एखाद्या पत्त्याचा रंग लाल करतो. बस्स, एवढंच. दुसरा लायटनिंग बोल्ट. प्राणी असो की खुद्द खेळाडू, तीनचा घाव. यातला रेअर कोणता? केऑसलेस! बोल्ट कॉमन. रेअर म्हणजे कमी छापलेला. त्याहून जास्त अर्थ त्या शिक्क्यात शोधायचा नाही. काही रेअर पत्ते खरोखरच भयंकर ताकदीचे असतात, ते मी नाकारत नाही. पण कॉमनच्या ढिगाऱ्यात बोल्टसारखे कित्येक पत्ते पडलेले असतात, आणि फक्त कॉमन म्हणून छापलेल्या पत्त्यांवर चालणारा पॉपर हा प्रकार 2019 पासून छापील पत्त्यांच्या खेळातही अधिकृत आहे. आपला पाचशेचा डेक तिथला रहिवासी.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मी निमित्तच शोधत होतो.

1996. अमेरिकेत अटलांटा इथे व्यावसायिक स्पर्धेची पात्रता फेरी. त्या वर्षी सगळीकडे नेक्रोपोटन्स या काळ्या पत्त्याचा दरारा होता. स्वतःच्या आयुष्याचा एक गुण मोजायचा आणि एक पत्ता उचलायचा, हवे तितके वेळा. पॉल स्लाय नावाचा खेळाडू तिथे असा डेक घेऊन बसला की बघणाऱ्याला वाटावं, याने कोणाच्या तरी टाकाऊ खोक्यातून मूठभर उचलून आणलंय. त्यात चार आयर्नक्लॉ ऑर्क्स. दोन मानांत 2/2 चा (ताकद दोन, तग दोन) प्राणी, आणि वर अट : समोरच्या प्राण्याची ताकद दोन किंवा जास्त असेल तर हा त्याला अडवणार नाही. म्हणजे पळपुटा. ब्रास मॅन हा 1/3 चा पितळी माणूस एकदा वापरून वाकवला की दर डावाला एक माना मोजल्याशिवाय सरळ होत नाही. गॉब्लिन्स ऑफ द फ्लार्ग तर आपल्या बाजूला कोणी बुटका आला की मरतात, आणि त्याच डेकमध्ये बुटकेही होते! सोबत बोल्ट आणि तसाच घाव घालणारा इन्सिनरेट. हा डेक फायनलपर्यंत गेला आणि दुसरा आला.

डेक रचला होता जे श्नायडरने. त्याने नाव ठेवलं होतं गीबा. लोकांनी मात्र खेळणाऱ्याचं नाव लावलं, आणि आजही तसल्या डेकला स्लाय म्हणतात. श्नायडर बिचारा तळटिपेत गेला.

तो चालला कसा? श्नायडरने पत्त्यांच्या ताकदीकडे पाहिलंच नाही, पाहिलं ते वेळेकडे. पहिल्या डावात एक माना असतो, तो वाया जाऊ नये म्हणून एक मानावाले पत्ते भरपूर. दुसऱ्या डावात दोन, म्हणून दोनवालेही भरपूर. तीनचे थोडे, चारचा एखाद-दुसरा. याला आज माना कर्व्ह म्हणतात आणि प्रत्येक नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवतात. आयर्नक्लॉ ऑर्क्स अडवायला नालायक, कबूल. पण या डेकला अडवायचंच नव्हतं. दुसऱ्या डावात येऊन तिसऱ्यापासून दोन-दोनचे घाव घालणारा प्राणी एवढीच त्याची गरज, आणि त्या कामाला पळपुट्याचं भित्रेपण आड येत नव्हतं. समोरचा नेक्रोवाला तर आपलं आयुष्य आपल्याच हाताने कमी करत होता. ट्रम्प कार्ड खेळून वाढलेल्या आपल्या पिढीला हे पचायला जड जातं. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांत बायसेप्सचा आकडा मोठा म्हणजे मोठा, विषय संपला. इथे आकड्याच्या आधी, तो पत्ता कोणत्या डावात खाली पडतो ते विचारावं लागतं.

पांढरकवड्याच्या पोराने आता कागद-पेन्सिल घ्यावी. समोरच्याचं आयुष्य 20. बोल्ट तीनचा, म्हणजे सात बोल्टांत काम तमाम. साठ पत्त्यांत 20 लँड, म्हणजे माना देणारे पत्ते, धरले तर उचललेल्या दर तीन पत्त्यांत एक लँड. सात बोल्टांसाठी साधारण साडेदहा पत्ते पाहावे लागतील. आरंभी हातात सात, पुढे दर डावाला एक. चौथ्या-पाचव्या डावात खेळ संपतो. पण एका नावाचे चारच पत्ते चालतात, आणि बोल्ट कॉमन असला तरी मागणीमुळे इतर कॉमनपेक्षा महाग. मग त्याच्या जागी शॉक घ्यावा का? तोही एक मानाचा, घाव दोनचा. वरवर पाहता फरक एकाचा. हिशेब करा : दहा शॉक लागतील, म्हणजे पंधरा पत्ते, म्हणजे आठवा-नववा डाव. घावातला एक आकडा कमी झाला आणि विजय चार डाव पुढे गेला. दमेकरी भाऊ म्हणतो तो हाच.

बदलीचा पत्ता त्याच जातीचा असायला हवा असं कुठे आहे? शॉकऐवजी एक मानाचा 1/1 प्राणी घ्या. पहिल्या डावात उतरवला आणि कोणी रोखला नाही तर पाचव्या डावापर्यंत चार घाव घालून मोकळा होतो. बोल्टपेक्षा जास्त! रोखला तर रोखणाऱ्याचा पत्ता किंवा माना खर्ची पडतो. म्हणून स्लायच्या डेकमध्ये असली रद्दी होती. प्राणी लवकर येऊन आयुष्य खरवडणार आणि शेवटचे सहा-सात आकडे आगीने पुसायचे.

चार-चार प्रतींबद्दल एवढंच सांगतो, कारण पोराच्या यादीत एकेक प्रतीचे पत्ते बरेच आहेत. साठ पत्त्यांत एकच प्रत असेल तर पहिल्या सातांत ती येण्याची शक्यता जवळपास 12 टक्के. दोन असतील तर 22, तीन असतील तर 31 च्या वर, चार असतील तर 40. नवलाईचे पंधरा पत्ते एकेक घेण्यापेक्षा चार साधे पत्ते चार-चार घ्या. डेक दर वेळी सारखा वागला पाहिजे. स्वस्त डेकला लहरीपणा परवडत नाही.

थोडं आडवळण. सावंतवाडीच्या गंजिफांचा विषय मी या लेखमालेत आणणार हे नेहमीच्या वाचकांना ठाऊकच असेल. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण 120 गोल पत्ते. त्यांच्या दोन पायऱ्या होत्या, दरबार कलम आणि बाजार कलम. दरबारी संच हस्तिदंतासारख्या किमती वस्तूंवर रंगवलेले. बाजारातले साध्या कापडा-कागदाचे, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेले आणि वरून लाखेचा हात फिरवलेले. खेळ एकच, नियम एकच. चिंचोक्याच्या खळीतला मत्स्यराजा हस्तिदंती मत्स्यराजापेक्षा एक हातही कमी मारत नसे. दरबाऱ्यांनी पैसा ओतला तो पत्त्याच्या अंगावर. डावात त्याचा उपयोग नव्हता. गारफिल्डच्या खेळात ही शिस्त राहिली नाही याचं मला जरा वाईटच वाटतं.

असो. आमच्या घाटंजीत मॅजिकचे पत्ते मिळत नाहीत. स्टेशनरीच्या दुकानात मिळतात ती दहा-वीस रुपयांची सोनेरी चमचमती पोकेमॉनची पाकिटं. ती नकली असतात. लहान भावाला द्यायला ठीक, पण डेकमध्ये नको. सुटे पत्ते मोठ्या शहरांतून कुरिअरने येतात, आणि पाचशेतला बराच पैसा ते कुरिअरच खातं. म्हणून चौघांनी मिळून मागवावं. कापसाचे पैसे आल्यावर आमच्याकडच्या पोरांच्या याद्या एकदम लांबतात, तेव्हा मागवणं सगळ्यात स्वस्त पडतं.

मागवण्याआधी मात्र डेक कागदावर खेळून बघा. आम्ही असं करतो : घरातला जुना कॅट घ्यायचा, एकाने भागत नाही, दोन लागतात. वहीच्या पानाचे 63 बाय 88 मिलिमीटरचे तुकडे कापायचे. वर पत्त्याचं नाव, कोपऱ्यात माना, खाली काय करतो ते मोजक्या शब्दांत. प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये मागे इस्पिकची राणी, पुढे आपला कागद. आपल्याकडचे बरेच पत्ते थोडे अरुंद असतात, आत हलतात, त्याने बिघडत नाही. पेन्सिलने लिहा, कारण अर्धे पत्ते आठवडाभरात बदलतात. मग नुसतं पिसायचं, सात उचलायचे आणि समोर कोणी नसताना पाच डाव खेळून बघायचं, किती घाव बसले. वहीत आकडा टाकायचा. पुन्हा पिसायचं. ज्या पत्त्याला बघून “हा आत्ता काहून आला बे?” असं सारखं तोंडातून निघतं, तो काढायचा. स्पर्धेत हे कागद चालत नाहीत, ओट्यावर चालतात.

आता बाबा. त्यांचा संशय अगदीच वाऱ्यावरचा नाही. 1993 च्या मूळ नियमांत अँटी नावाचा प्रकार होता. डाव सुरू होण्याआधी दोघांनी आपल्या डेकमधला एकेक पत्ता बाजूला ठेवायचा आणि जिंकेल त्याने दोन्ही घेऊन जायचे. पणच तो! पुढे ते बंद झालं, आणि अँटीचा उल्लेख असलेले पत्ते आज कुठल्याही अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत. राहिला कायदा. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा झाला, त्यात रमीची ॲपं गेली. ओट्यावर पैसे न लावता खेळलेल्या आपल्या डावाचा त्या कायद्याशी संबंध येत नाही.

बंद पाकिटाबद्दल मात्र बाबांचं बरोबर आहे असं मला वाटतं. आत काय आहे ते न बघता पैसे टाकायचे, हवा तो पत्ता निघेल या आशेवर पुढचं फोडायचं, मग त्याच्या पुढचं. व्हिडिओ गेममधल्या अशाच पैसे देऊन उघडायच्या पेट्या बेल्जियमने 2018 मध्ये जुगारात धरल्या. छापील पाकिटांना तो शिक्का लागलेला नाही, पण हाताला लागणारी चटक तीच. तेव्हा बाळा, साठ पत्त्यांची यादी कर, प्रत्येकासमोर किंमत लिही, कुरिअर धरून बेरीज मांड आणि ती बाबांपुढे ठेव. सुट्या पत्त्यांसाठी पैसे मागितलेस तर मी तुझ्या बाजूने. पाकिटांसाठी मागितलेस तर बाबांच्या.