असं का होतं? : दोन अक्षरांचं दार

लग्नघरच्या भांड्यांच्या ढिगात आपला डबा चटकन सापडतो तो कोरलेलं नाव वाचून नव्हे, झाकणावरच्या ठिपक्यांच्या खुणेमुळे. अक्षरं वाचावी लागतात. आकृती एका नजरेत ओळखू येते.

न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याने हेच साधलं. वडील मूळचे हंगेरीतल्या आय्तोश गावचे. हंगेरियनमध्ये ‘आय्तो’ म्हणजे दार. जर्मनीत आडनावाचं भाषांतर होऊन त्याचं ड्यूरर झालं. कुलचिन्हातही उघडं दारच. आल्ब्रेख्तने सहीसाठी रोमन ‘ए’ रुंद, सपाट माथ्याचा केला आणि त्याच्या पायांमध्ये ‘डी’ बसवला. मला तरी ती चौकटच दिसते!

शेजारी ठेवलेले दोन डबे डोळा दोन मोजतो. डब्यात डबा घातला की एकच. इथेही बाहेरची रेषा एक उरते, म्हणून मेंदू एकच वस्तू नोंदवतो.

चित्रं छापायच्या लाकडी ठशावर सहीसकट सगळं उलटं कोरावं लागतं. ‘ए’ आरशातही तसाच दिसतो, कसरत फक्त ‘डी’ची. १५१५ मध्ये गोव्याहून लिस्बनला गेलेल्या गेंड्याचं चित्र ड्यूररने तो प्राणी न पाहताच काढलं. त्यावरही ते इवलं दार आहेच.