मूल घरीच शिकतंय? मग शाळेतली आरोग्य तपासणी कोण करणार?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबं आता पुण्या-मुंबईबाहेरही दिसू लागली आहेत. दवाखान्यात अशा पालकांचा पहिला प्रश्न बहुधा असतो, "डॉक्टर, मुलं एकलकोंडी तर होणार नाहीत ना?" शेजारी, नातेवाईक, मैदानावरचे मित्र असतील तर याची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. शाळा शिकवण्याबरोबर मुलाच्या तब्येतीवर नकळत लक्षही ठेवते, आणि घरी ते काम कोणाकडेच दिलेलं नसतं.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे डोळे. मुलाच्या एका डोळ्याला जास्त नंबर असेल आणि दुसरा चांगला असेल, तर मेंदू हळूहळू कमजोर डोळ्याकडून येणारं चित्र वापरणं सोडून देतो. याला अँब्लिओपिया किंवा 'आळशी डोळा' म्हणतात. डोळा बाहेरून अगदी नॉर्मल दिसतो. मूल चांगल्या डोळ्याने सगळं पाहतं, पुस्तक वाचतं, चित्र रंगवतं, त्यामुळे तक्रार करतच नाही. त्याला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसणं म्हणजे काय हेच माहीत नसतं! साधारण सात-आठ वर्षांच्या आत लक्षात आलं तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, एवढ्यावर बरीच सुधारणा होते. वय वाढेल तशी ती कठीण होत जाते, आणि मग चष्मा लावूनही त्या डोळ्याची नजर पूर्ण येत नाही.

शाळेत फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मूल पुढे सरकतं आणि बाईंच्या लक्षात येतं. घरी फळा नसतो, वही हातभर अंतरावर असते. म्हणून घरी एक करून पाहा. भिंतीवरचं कॅलेंडर तीन मीटरवरून दाखवा. मुलाचा एक डोळा तुमच्या तळहाताने झाका (बोटांच्या फटीतून मुलं हमखास बघतात) आणि आकडे किंवा चित्रं ओळखायला सांगा. मग दुसरा डोळा. एका डोळ्याला स्पष्ट फरक जाणवला, किंवा एक विशिष्ट डोळा झाकला की मूल चिडून हात ढकलत असेल, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा. तिरळेपणा दिसत असेल तर 'मोठा झाला की जाईल' म्हणून थांबू नका. आणि घरी सगळं ठीक वाटलं तरी तीन-चार वर्षांचं असताना एकदा व सहाव्या वर्षाच्या आसपास पुन्हा एकदा रीतसर तपासणी कराच. घरगुती चाचणीत थोडा नंबर सुटून जातो.

कानाचंही तसंच. सतत सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. आई जवळून, मोठ्याने बोलते म्हणून कळत नाही. पाठीमागून हळू हाक मारून बघा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी-अनुदानित शाळांमध्ये जातात. तुमचं मूल कोणत्याच पटावर नसेल तर ते पथक तुमच्या दारी आपोआप येणार नाही. जंतनाशक गोळीचं तेच. राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो, आपल्याकडे तारीख मागेपुढे होते. शाळेत न जाणाऱ्या मुलांना ही गोळी अंगणवाडीत मोफत मिळते, फक्त विचारायला हवं. लसींमध्ये पाच-सहा वर्षांचा डीपीटी बूस्टर आणि १० व १६ व्या वर्षीची टीडी सर्रास राहून जाते, कारण तान्हेपणीची फाईल तोवर माळ्यावर गेलेली असते.

घरात असलं की खाणं दिवसभर चालू राहतं. बिस्किट, चिवडा, मध्ये कपभर दूध. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणाऱ्या मुलाची जेवणाची भूक मरते आणि लोह कमी पडतं. चिडचिड, लक्ष न लागणं याला 'अभ्यासाचा कंटाळा' समजण्याआधी एकदा हिमोग्लोबिन तपासा.

रोज दीड-दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये लांबचा (मायनस) नंबर लागण्याचं प्रमाण कमी दिसतं. घरी शिकण्याचा हा खरा फायदा आहे, तो ऑनलाइन क्लासमध्ये घालवू नका.

सात-आठ वर्षांचं मूल तोंडी सगळं सांगतं पण वाचताना अडतं, अक्षरं उलटी लिहितं, असं असेल तर 'आपल्या गतीने शिकेल' म्हणून वर्षभर वाट पाहू नका. आधी डोळे-कान तपासा, मग बालविकासतज्ज्ञांना दाखवा. मुंबईत सायन रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. पुढे मुक्त विद्यालयातून परीक्षा द्यायची असेल तर सवलतींसाठी असं प्रमाणपत्र लागतं, म्हणून कागद नीट जपून ठेवा.